इंजिन ब्लॉक हीटर: इंजिनासाठी उत्तम, गिअरबॉक्ससाठी नव्हे
पारा उणे १५ अंशांखाली गेला की इंजिनाला बसवलेला हा विजेवर चालणारा हीटर आपले काम चोख बजावतो. निघण्याच्या दोन-तीन तास आधी लावला, तर कूलंट (इंजिनात फिरणारे, त्याचे तापमान आवरणारे द्रव) कोमट होऊन इंजिन फारशी कुरकुर न करता सुरू होते. रात्रभर लावून ठेवणे म्हणजे विजेची निव्वळ नासाडी. मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल त्याने तापत नाही, आणि माहितीपुस्तिकेत याचा साधा उल्लेखही नसावा, हे मला फार खटकते. ते तेल घट्टच राहिल्याने ‘डी’ (पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर गाडी क्षणभर थबकते. तेव्हा ॲक्सिलरेटर न दाबता, ब्रेकवर पाय ठेवून गिअर नीट बसू द्यावा आणि सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी सावकाश न्यावी. वायर अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावी, आणि निघण्यापूर्वी पुढच्या जाळीपाशी लोंबणारा प्लग आठवणीने काढावा.