होरायझन फॉरबिडन वेस्ट की ड्रॅगन्स डॉग्मा 2? सोबत कोण हवंय ते आधी ठरवा

पीसीवाल्यांची पंचाईत तारखांनीच केली होती. होरायझन फॉरबिडन वेस्ट हा व्हिडिओ गेम पीसीवर आला 21 मार्च 2024 ला आणि ड्रॅगन्स डॉग्मा 2 दुसऱ्याच दिवशी. दोन्ही सिक्वेल, दोन्ही ओपन वर्ल्ड (म्हणजे मोठ्या मॅपवर मनसोक्त भटकता येतं), दोन्ही खिशाला जड, आणि इकडे नाशकात आमच्या ग्रुपमध्ये एकच चर्चा की एकच घ्यायचा तर कुठला. आता सेलमध्ये दोन्ही खाली येतात म्हणून तोच प्रश्न परत सुरू झालाय. पहिले भाग माहिती आहेत असं धरून चालतो.

होरायझनच्या पहिल्या भागात नायिका एलॉय बहुतेक वेळ एकटीच फिरायची, त्यामुळे सिक्वेलकडून माझी मोठी अपेक्षा होती ती सोबतीची. ती अर्धी पूर्ण झाली असं म्हणेन. वार्ल, एरेंड, झो, कोटालो, अल्वा अशी टीम जमते, डोंगरातल्या बेसवर राहते, आणि प्रत्येक मोठ्या मिशननंतर तिथं जाऊन त्यांच्याशी बोलण्यात खरंच मजा आहे. कोटालोचं लिखाण तर फार सुंदर झालंय, मोजकंच बोलतो पण लक्षात राहतो. पण मिशन संपलं की ही मंडळी बेसवर परत, आणि जंगलात, वाळवंटात, पाण्याखाली तुम्ही पुन्हा एकटे.

फिरायला मॅप मात्र एक नंबर. युटाच्या डोंगरांपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या पडक्या इमारतींपर्यंत, मध्ये वाळूत बुडालेलं लास वेगास, शील्डविंग या ग्लायडरनं कड्यावरून तरंगत खाली येणं, आणि शेवटी शेवटी सनविंग या उडत्या यंत्रावर बसून उडता येतं तेव्हा दिवस सार्थकी लागतो. ग्राफिक्सबद्दल मी वेगळं बोलायची गरज नाही.

आता माझं घोडं जिथं अडलं ते सांगतो. एलॉय गप्प बसत नाही. रेलिक रुइन्स म्हणून जुन्या पडक्या जागा आहेत, तिथं कोडं सोडवून आत जायचं असतं, आणि मला नेमका हाच प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. आत शिरायचं, शांतपणे सगळीकडे नजर फिरवायची, तो क्रेट कुठं सरकेल, पुलकास्टर (दोरीचा हूक) कुठं अडकेल, दाराचा कोड कुठं लिहिलेला असेल. तर मी अजून छताकडेच बघतोय आणि ही बोलून मोकळी, की तो क्रेट ओढता येईल बहुतेक. बरं दुसरं कोणी बोललं असतं तरी चाललं असतं, पण बोलतंय ते माझंच कॅरेक्टर, म्हणजे मला सुचायच्या आधी ते मलाच सुचलंय. एकदा खटकलं की मग प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं. काहींना हे मदतीचं वाटतं, माझ्या एका मित्राला तर याचा काहीच त्रास नाही झाला, तेव्हा हे माझ्यापुरतं धरा. पण मी शोधायलाच जातो ना तिथं.

ड्रॅगन्स डॉग्मा 2 मध्ये बडबड कमी आहे असं अजिबात नाही, पॉन, म्हणजे तुमच्यासोबत फिरणारे गेममधले सोबती, तर चालता चालता अखंड बोलतात. फरक असा की एक पॉन तुम्ही बनवलेला आणि दोन दुसऱ्या खेळाडूंचे, भाड्यानं घेतलेले. त्या खेळाडूनं एखादी क्वेस्ट (मोहीम) आधी केली असेल तर त्याचा पॉन म्हणतो, मला माहितीये, चला दाखवतो. हो म्हटलं तर पुढे चालायला लागतो, नको असेल तर राहू द्या. अंजनेरीला जाताना ग्रुपमध्ये एखादा मागच्याच पावसाळ्यात येऊन गेलेला असतो ना, तसं. त्याचं ऐकायचं की आपली वाट आपण काढायची, हे तुमच्या हातात. शिवाय तुमचा पॉनही दुसऱ्यांकडे जाऊन येतो आणि इनमध्ये (सराईत) मुक्काम केला की तिकडचं शिकून, कधी एखादी भेट घेऊन परततो. सोबत म्हणजे मला हीच हवी होती.

आणि इथं पायीच फिरावं लागतं. फास्ट ट्रॅव्हलला, म्हणजे न चालता लगेच दुसरीकडे पोहोचायला, फेरीस्टोन लागतो, दुकानात एक 10,000 गोल्डला. बैलगाडी आहे, पण डुलकी लागली की मध्येच गॉब्लिन हल्ला करून उठवणार, कधी गाडीचाच चुराडा. मार खाल्ला की कमाल हेल्थच घटत जाते, ती सहसा कॅम्प किंवा इनशिवाय परत येत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा गाठायची धडपड. एकदा ग्रिफिन या पंखवाल्या अजस्र प्राण्याशी लढताना मी त्याच्या पंखाला लटकलो आणि तो मला घेऊनच उडाला, उतरला तिथं मॅप कोरा. रात्र व्हायला आलेली, परतीची वाट माहीत नाही. तिथून पायी परत येण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि तीच संध्याकाळ मला होरायझनच्या मॅपवरच्या सगळ्या मार्करपेक्षा जास्त आठवते.

बाकी खोट आहेच. गोष्ट पातळ, शत्रू तेच तेच. वर्नवर्थ शहरात गर्दीमुळे सीपीयूवर लोड येतो, नंतरच्या पॅचेसनी सुधारणा झाली तरी जुना प्रोसेसर असेल तर विचार करा. आणि खेळ साठवायची जागा, म्हणजे सेव्ह स्लॉट, एकच, म्हणजे घेतलेला निर्णय सहजासहजी मागे फिरत नाही. ज्यांना रविवारचे दोन तासच मिळतात आणि तेवढ्यात एक मिशन पूर्ण व्हायला हवं, त्यांनी फॉरबिडन वेस्टच घ्यावा, ते वाईट वाटून घेण्यासारखं नाही. वेळ असेल, भटकायची हौस असेल, तर मी ड्रॅगन्स डॉग्मा 2 कडे बोट दाखवेन.

घेतलाच तर एक लक्षात ठेवा, शहरातल्या इनमध्ये झोपायच्या आधी पॉनचे डोळे बघत जा. लाल चमकत असतील, ऐकेनासा झाला असेल, डोकं दुखतंय म्हणत असेल तर तो ड्रॅगन्सप्लेग, पॉनला होणारा रोग. भाड्याचा असेल तर लगेच निरोप द्या, स्वतःचा असेल तर खोल पाण्यात ढकला, रिफ्टस्टोनवरून (पॉन बोलावायच्या दगडावरून) परत बोलावता येतो. तसंच झोपलात तर सकाळी शहरातली माणसं मेलेली सापडतात.