शेळ्यांच्या फोल्डिंग शेडपायी 34 हजार गेले

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. पाऊस एकदा लागला की इथली जमीन महिनोन्महिने वाळत नाही. माझ्या 12 शेळ्या. जुना गोठा मातीचा, खाली कायम ओल, मागच्या पावसाळ्यात 3 करडं गारठून गेली. म्हणून यंदा उंचावर फळ्या टाकलेला, लेंड्या-मूत खाली पडेल असा गोठा करायचा होता. पक्क्या बांधकामाला पैसे नव्हते.

एप्रिलमध्ये एकजण मोटारसायकलवरून दारात आला. हातात रंगीत फोटोंचा कागद, बोलणं कोल्हापूरकडचं. "काका, पाइप बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, ताडपत्री 250 जीएसएमची. चार माणसं उचलून दुसऱ्या रानात नेतील. आणि निम्मे पैसे अनुदानात परत मिळतात की!" 10 बाय 12 ची शेड, 38 हजार. घरची म्हणाली, "अहो, आधी कुणाची बसवलेली बघून या." मी ऐकलं नाही, ती करडं डोळ्यांपुढं होती. 20 हजार फोनवरून पाठवले. खातं दुकानाच्या नावाचं नव्हतं, एका माणसाचं होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

मे महिन्यात टेम्पो आला, तोही अंधार पडताना. घाईघाईत शेड उभी केली, 10 हजार रोख घेतले, वर अनुदानाच्या फाइलसाठी म्हणून 4 हजार. आधार आणि पासबुकाची झेरॉक्सही नेली. राहिलेले 8 हजार अनुदान आल्यावर द्या म्हणाला, आणि त्यामुळंच मला तो खरा वाटला.

मृगाचा पहिला वारा सुटला आणि पश्चिमेकडचे दोन खांब जोडावर वाकले. ताडपत्री कड्यांपाशी फाटली. फळ्यांमध्ये बोटभर फट असावी, तिथं दोन बोटं सहज जात होती. रात्री एका करडाचा पाय त्यात अडकून मोडला. त्याचं ओरडणं अजून कानात आहे. फोन लावला, नंबर बंद.

दुसऱ्या दिवशी खांब आणि ताडपत्री घेऊन दुकानातल्या काट्यावर ठेवली. हे मी माल उतरवतानाच केलं असतं तर नंतरचे 14 हजार तरी गेले नसते. एक इंची बी क्लास जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मीटरला साधारण 2.4 किलो भरतो. म्हणजे सात फुटी खांब पाच किलोचा हवा. माझा भरला दोन किलो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. 12 बाय 15 फुटांची 250 ची ताडपत्री चार किलोच्या वर जाते. माझी दोन किलोसुद्धा नीट भरली नाही. माल उतरवतानाच काट्यावर घाला, विकणारा कितीही गडबड करू दे.

बिलही तेव्हाच नीट पाहिलं. पत्ता महाराष्ट्रातला आणि जीएसटी नंबर 29 ने सुरू होणारा. 29 म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्राचा 27. शिवाय नंबर 15 अक्षरांचा असतो, यावर 13 च होती. अनुदानाचं पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के अनुदान खरंच आहे, पण ते 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या युनिटपासून पुढं. बारा शेळ्यांना नाही, आणि त्यासाठी दारात येऊन रोख कुणी घेत नाही.

"माणूस पलीकडचा आहे, तिकडं जाऊन तक्रार करा," असं मला दोघातिघांनी सांगितलं. सीमेवरच्या माणसाला हे नेहमीच ऐकावं लागतं, आणि बरेचजण तिथंच गप्प बसतात. पण 2019 च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी बेळगावात तक्रार दाखल केली आहे. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन केला, पण उशिरा. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, मी दीड महिन्यानं लावला.

करडाला बांबूच्या कामट्या बांधल्यात, तीन पायांवर चालतंय. परवा शेजारच्या गावातल्या पाहुण्यांचा फोन आला. तसलाच रंगीत कागद घेऊन एकजण त्यांच्या दारात बसला होता.