वेसनॉथ नवीन खेळताय? माणसं घ्यायची, एल्फ घ्यायचे की ऑर्क

बॅटल फॉर वेसनॉथ हा आळीपाळीने टर्न घेऊन खेळायचा लढाईचा कॉम्प्युटर गेम डाउनलोड केला, ट्युटोरियल उरकलं, आणि आता समोर फॅक्शनची म्हणजे सैन्यांची लिस्ट उघडलीय पण कुठलं निवडायचं ते काही कळत नाही, अशी अवस्था बहुतेकांची होते. गेम फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2003 पासून चालू आहे, त्यामुळे चुकीचं निवडलं तरी पैसे काही जात नाहीत. पण दोन-तीन संध्याकाळी सलग मार खाल्ला की लोक वैतागून डिलीट मारतात, आणि त्यात गेमपेक्षा निवडलेल्या सैन्याचा दोष जास्त असतो असं माझं मत आहे.

नेहमीच्या सेटमध्ये सहा फॅक्शन आहेत. त्यातले ड्रेक, अनडेड आणि नॅल्गन सध्या बाजूला ठेवा. ड्रेक उडतात, आग ओकतात, बघायला भारी वाटतात, पण कुठेही उभे केले तरी त्यांना वार सहज लागतात आणि भालेवाले त्यांना भोसकून काढतात. अनडेडचा डार्क अ‍ॅडेप्ट हा जादूगार तर अंगावर कोणी आलं तर उलटा हातही उचलत नाही. नॅल्गनचे बुटके ड्वार्फ मला स्वतःला आवडतात पण ते हळू चालतात आणि सोबतचे चोर-शिकारी वेगळ्याच तालावर लढतात, तो मेळ नवख्याला जमत नाही. उरले तीन, लॉयलिस्ट म्हणजे माणसं, रिबेल्स म्हणजे मुख्यतः एल्फ, आणि नॉर्दर्नर्स म्हणजे ऑर्क.

आता खरा फरक घड्याळाचा आहे. गेममध्ये सहा टर्नचा एक दिवस असतो, पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. लॉफुल युनिट दिवसा 25% जास्त मारतं आणि रात्री 25% कमी, केऑटिकचं बरोब्बर उलटं. कागदावर 25 म्हणजे फार वाटत नाही ना, पण हिशोब करून बघा. लॉयलिस्टचा स्पिअरमन म्हणजे भालेवाला मुळात 7 चे तीन वार करतो, दिवसा ते 9 चे होतात आणि रात्री 5 चे, म्हणजे तिन्ही लागले तर दिवसा 27 आणि रात्री फक्त 15. ऑर्क ग्रंट 9 चे दोन वार करतो, तो रात्री 22 पर्यंत जातो आणि दिवसा 14 वर येतो. तेच दोन गडी, तीच जागा, नुसता सूर्य मावळला की पारडं फिरतं.

माणसांचं सैन्य अख्खं लॉफुल आहे. त्यामुळे लॉयलिस्ट घेतले की एक शिस्त लागते, दिवसा पुढे जायचं, संध्याकाळ दिसली की गावाजवळ किंवा किल्ल्यात मागे यायचं आणि रात्र काढायची. नवखा माणूस नेमका इथेच फसतो, कारण एक ऑर्क अर्धमेला झालेला दिसतो, हात शिवशिवतात, म्हणून रात्रीच अजून एक टर्न पुढे जातो आणि सकाळी अर्धी फौज गायब असते. दुसरा त्रास म्हणजे आठ प्रकारची युनिटं, आणि त्यात घोडेस्वार हा खास नवख्यांना गंडवायलाच ठेवलाय असं वाटतं. त्याच्या चार्जमध्ये दोन्ही बाजूंचं डॅमेज डबल होतं. मी पहिल्याच मॅचमध्ये तो महागाचा घोडा थेट समोरच्या भालेवाल्यावर सोडला होता, भालेवाल्याला आधी वार करायचा हक्क असतो हे वाचलंच नव्हतं, घोडा तिथेच गेला.

ऑर्क स्वस्त आहेत. ग्रंट 12 सोन्याला, स्पिअरमन 14 ला, म्हणजे हातात 100 असतील तर सात माणसांऐवजी आठ ग्रंट येतात, आणि एकेकात 38 जीव. त्यांच्यातला ट्रोल व्हेल्प दर टर्नला आपोआप 8 जीव भरून काढतो, जखम भरायला त्याला गावसुद्धा लागत नाही. ज्यांना धडाधड अंगावर जायला आवडतं त्यांना हे जाम आवडेल आणि कॉम्प्युटरविरुद्ध जिंकालही. पण ग्रंटकडे लांबून मारायचं काहीच नाही, तिरंदाज त्याला फुकटात टोचत राहतो. गॉब्लिन अजून स्वस्त, पण तो लेव्हल 0 चा, म्हणजे शेजारून जाणाऱ्या शत्रूला तो अडवूच शकत नाही. बाकी युनिटांच्या शेजारच्या घरात, म्हणजे नकाशावरच्या षटकोनी चौकटीत, शत्रू आला की त्याला थांबावं लागतं, त्यामुळे दोघांत दोन घरं मोकळी ठेवली तरी त्या टर्नला कोणी आरपार जात नाही. ओळीत गॉब्लिन उभा केलात तर तिथे भोक पडलं समजा. आणि स्वस्त म्हणून गडी उधळायची सवय एकदा लागली की मोहिमांमध्ये, जिथे जुने अनुभवी गडी पुढच्या लढाईत परत बोलवता येतात, तिथे ती फार नडते.

एल्फ न्यूट्रल आहेत. रात्र असो दिवस असो, त्यांचा मार तेवढाच. नवख्यासाठी हे सोनं आहे, कारण डोक्यातली एक काळजी कमी होते आणि फक्त जागेकडे बघता येतं. जंगलात उभा एल्फ म्हणजे शत्रूचे दहातले सहा-सात वार हुकणार, आणि झाडीतून तो रस्त्यावरून चालावं तसा चालतो. बहुतेकांकडे जवळचं आणि लांबचं दोन्ही हत्यार, त्यामुळे ग्रंट दिसला की बाण, तिरंदाज दिसला की तलवार, एवढं कळलं तरी अर्धी लढाई झाली. एल्फांची शामन तर विसरूच नका, तिचा स्वतःचा मार चिमूटभर आहे पण ज्याला लागेल त्याचा जोर आणि चाल दोन्ही अर्धं होतं, शिवाय ती शेजारच्यांच्या जखमा भरते. आधी शामनने मंद करायचं, मग तिरंदाजांनी टोचायचं, शेवटचा घाव फायटरचा, कारण मारणाऱ्याला मेलेल्याच्या लेव्हलच्या आठपट अनुभव मिळतो.

तोटा सांगतो. मोकळ्या मैदानात एल्फ काही खास नाहीत, आणि अनडेडच्या सांगाड्यांवर तलवार-बाण दोन्ही बोथट पडतात, तिथे मेज म्हणजे जादूगार आणि झाडासारखा चालणारा वोझ घ्यावाच लागतो, पण हे दोघे लॉफुल, म्हणजे घड्याळ परत मागच्या दाराने घरात आलं.

मग निवडायचं काय? नुसतं कॉम्प्युटरबरोबर निवांत खेळायचं असेल तर डोळे झाकून रिबेल्स घ्या. पुढे लोकांशी ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर पाच-सहा मॅच एल्फ खेळून लगेच लॉयलिस्टवर या, नाहीतर घड्याळ कधीच अंगात मुरत नाही. मोहीम खेळायची असेल तर द साउथ गार्ड नवख्यांसाठीच आहे आणि त्यात माणसं आहेत. एल्फ हवे असतील तर एअर टू द थ्रोन, त्याची सुरुवातच एल्फांच्या गावावर ऑर्क चालून येतात तिथून होते. नॉर्दर्नर्स तिसरे ठेवा, वाईट आहेत म्हणून नाही, दुसऱ्या दोघांकडून खेळताना ऑर्कांचा मार खाल्ला की ते रात्री का येतात आणि दिवसा का पळतात ते आधीच कळलेलं असतं म्हणून.

पहिली मॅच अशी लावा, छोटा नकाशा, तुम्ही रिबेल्स, समोर कॉम्प्युटर नॉर्दर्नर्स. आधी जवळची गावं घ्या, कारण सोनं तिथून येतं आणि जखमीही तिथेच बरे होतात, पहिली रात्र झाडीत बसून काढा आणि ऑर्कांना मैदानात येऊ द्या, कॉम्प्युटरला धीर नसतो, तो येतोच. पहाट झाली की जो सगळ्यात जास्त जखमी ग्रंट असेल त्या एकावरच तिघं-चौघं जा.