वयस्कर हातांसाठी हलकी नळी: खानदेशातल्या अंगणात कोणती चालते, कोणती नाही

दुकानात बागेच्या पाण्याची कुठलीही नळी हातात घेतली तरी हलकीच वाटते. खरं वजन नळ सुरू झाल्यावर कळतं, कारण घरी ओढायची असते ती पाण्याने भरलेली नळी. पाकिटावर छापलेलं वजन रिकाम्या नळीचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या किंवा बोटं संधिवाताने आखडलेल्या माणसासाठी नळी घेताना पहिला हिशोब भरलेल्या वजनाचा करायचा.

तो हिशोब असा. अर्धा इंची नळीत दर मीटरला साधारण १२० ग्रॅम पाणी मावतं, पाऊण इंचीत सुमारे २८० ग्रॅम आणि एक इंचीत जवळजवळ अर्धा किलो. १५ मीटर अर्धा इंची जाळीदार पीव्हीसी नळी रिकामी सव्वादोन किलोच्या आसपास भरते, पाण्यासकट चार किलोच्या थोडी वर जाते. तेवढीच लांब पाऊण इंची नळी पाण्यासकट आठ किलोंवर जाते. म्हणजे आतला व्यास पाव इंचाने वाढला की ओढायचं वजन दुप्पट. आपल्याकडे शेताची सवय असल्याने ‘पाणी जोरात यायला पाहिजे’ म्हणून लोक पाऊण किंवा एक इंची नळी मागतात. घरच्या वीस-पंचवीस कुंड्यांना तिची काहीच गरज नाही. गच्चीवरच्या टाकीतून अर्धा इंची नळीला, पंधरा मीटर लांबी धरूनसुद्धा, मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी मिळतं. उन्हाळ्यात बारा इंची कुंडीला दोन ते अडीच लिटर लागतं. म्हणजे एका कुंडीला पंधरा-वीस सेकंद. याहून जास्त धार सोडली तर माती उडते आणि मोगऱ्याची मुळं उघडी पडतात.

दुसरा हिशोब दाबाचा, आणि खानदेशात हाच बहुतेकांचा चुकतो. जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बागेचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. टाकीतल्या पाण्याची पातळी बागेच्या नळापेक्षा जितके मीटर वर, त्याच्या दहाव्या भागाइतका दाब बारमध्ये (बार हे दाब मोजायचं माप) मिळतो. एकमजली घरात पातळी चार मीटर वर असली तर दाब ०.४ बार. दुमजली घरात फार तर ०.७ बार. हा आकडा काढल्याशिवाय नळी घेऊ नका, कारण बाजारातल्या बऱ्याच ‘हलक्या’ नळ्या इतक्या कमी दाबावर काम करण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

फुगणारी नळी, जिला दुकानदार मॅजिक पाइप म्हणतात, ती यातली पहिली. आत पातळ रबराची नळी, बाहेर कापडाचं सैल आवरण. पाण्याच्या दाबाने ती तिप्पट लांब होते आणि नळ बंद केला की आखडते. वजनाला खरोखर हलकी, गुंडाळायचा त्रास नाही, म्हणून मुलं-सुना आई-वडिलांसाठी ऑनलाइन हीच मागवतात. पण तिप्पट लांबी मिळायला साधारण ३ बार दाब धरलेला असतो. आपल्या ०.४ बारच्या टाकीवर ती जेमतेम ताणते, ‘५० फुटी’ म्हणून घेतलेली नळी वीस फुटांच्या आसपास अडते, आणि मग म्हातारं माणूस ती हाताने ओढून लांब करायला जातं. ओढलेलं रबर मागे खेचतं. ज्याचा तोल आधीच कच्चा आहे त्याच्यासाठी हे धोक्याचं.

टिकण्याचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पाण्याने भरलेली, तोंड बंद केलेली फुगणारी नळी उन्हात तशीच राहिली की आतलं रबर मऊ पडतं आणि नेमकं जोडाजवळ फाटतं, कारण ताण तिथेच एकवटतो. फाटलेला भाग कापून पुन्हा जोडणं घरी जमत नाही. घरात प्रेशर पंप असेल आणि दीड-दोन बार दाब मिळत असेल तर ही नळी बरी चालते. तेव्हाही काम झालं की आधी नळ बंद, मग पुढचं तोंड उघडून सगळं पाणी काढायचं आणि सावलीत टांगायची. टाकीच्या पाण्यावर मात्र घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्प्रिंगसारखी गुंडाळलेली कॉइल नळी याहून कामाची. आतला व्यास बहुधा तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पंधरा मीटरची नळी पाण्यासकट दोन किलोच्या आत राहते. टाकीच्या दाबावर मिनिटाला चार-पाच लिटर पाणी देते, म्हणजे कुंडीला अर्धा मिनिट. शांतपणे उभं राहून किंवा स्टुलावर बसून पाणी घालणाऱ्यासाठी हा वेग ठीक आहे. मर्यादा दोन. एक, पंधरा मीटर लिहिलेलं असलं तरी दहा मीटरपर्यंतच ती सुखाने जाते. त्यापुढे ताणली की मागे ओढते. दोन, तिचे वेढे कुंड्यांच्या कडांत, गुलाबाच्या काट्यांत अडकतात आणि सोडवायला वाकावं लागतं. म्हणून ही नळी बाल्कनी, ओटा किंवा भिंतीलगत एका रांगेत ठेवलेल्या कुंड्यांसाठी घ्यावी, दाट बागेसाठी नको. पॉलियुरेथेनची कॉइल जास्त दिवस लवचिक राहते. स्वस्त कॉइल दोन उन्हाळे बाहेर राहिली की वेढे सैल पडून जमिनीवर लोळते आणि पायात येते.

शेतकऱ्यांच्या ओळखीची सपाट लपेटा नळी रिकामी अगदी हलकी असते, पण कमी दाबावर ती गोल उघडत नाही आणि प्रत्येक वळणावर मुडपते. मुडपलेली जागा शोधत मागे जायचं म्हणजे बागेला दोन फेऱ्या जास्त. घरच्या बागेसाठी हिचा विचार नको.

उरते ती साधी पीव्हीसी नळी. टाकीच्या पाण्यावर आमची पसंती हिलाच, पण नीट निवडून: अर्धा इंची, आत दोऱ्याची जाळी असलेली, मऊ, आणि जास्तीत जास्त दहा मीटर. दहा मीटर भरलेली नळी पावणेतीन किलोच्या आसपास होते. ती सगळी एकदम उचलायची नसते, जमिनीवरून ओढायची असते. बिनजाळीची हिरवी किंवा पारदर्शक नळी स्वस्त पडते, पण एप्रिल-मेच्या उन्हात मऊ होऊन वळणावर चपटते आणि डिसेंबरच्या सकाळी कडक होऊन सरळच होत नाही. पारदर्शक नळीत प्रकाश शिरल्याने शेवाळंही धरतं, आणि त्याचे तुकडे झारीच्या भोकांत बसतात.

दुकानात नळी कशी पारखायची? एक मीटर हातात घेऊन फूटभर व्यासाचं वेटोळं करा. कुठे चपटली, खाच पडली तर घेऊ नका. कापलेलं टोक समोर धरून पाहा: भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. एका बाजूला पातळ असलेली नळी तिथेच फुगते. काही दुकानांत नळी किलोवर मिळते, तिथे जड नळी विकण्याकडे कल असणारच, म्हणून मीटरवर मागा आणि तिथेच दहा मीटर काट्यावर ठेवून बघा. दीड-पावणेदोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. ३० मीटरचं अखंड बंडल स्वस्त पडतं म्हणून घरी आणू नये. आणलंच तर दोन-तीन तुकडे करावेत. रंग पिवळा किंवा भगवा घ्या. काळी किंवा गडद हिरवी नळी शहाबादी फरशीवर संध्याकाळी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि अशाच न दिसलेल्या नळीत पाय अडकून माणूस पडू शकतं.

दहा मीटरमध्ये बाग आवरत नसेल तर नळी वाढवू नका, नळ वाढवा. कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नळ काढणं हे प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि लांब नळीवर जो पैसा जातो त्याहून ते जास्त उपयोगी. दोन्ही नळांना आपापली छोटी नळी कायमची लावून ठेवली की घरातल्या वयस्कर माणसाला काही जोडायचं-काढायचं राहत नाही. नळाची उंचीही याच वेळी सुधारून घ्या. अंगणातला नळ बहुधा बादली मावेल एवढ्या, फूट-दीड फुटावर असतो. तो अडीच-तीन फुटांवर न्यावा, म्हणजे कंबरेतून वाकावं लागत नाही. गोल मुठीच्या नळाऐवजी पाव फेऱ्यात उघडणारा लांब दांड्याचा नळ बसवा. तो बोटं न वळवता तळहाताने ढकलून उघडतो.

नळाशी जोड नीट नसेल तर चांगली नळीही वाया जाते. आटे असलेला नळ असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने, गुंडाळून कनेक्टर हाताने घट्ट करावा. नळीचं टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरलं की मऊ होऊन कनेक्टरवर इंचभर आत सरकतं. मग १६ ते २५ मिलिमीटरची स्टीलची क्लिप, स्क्रूड्रायव्हरने नळी किंचित दबेल इतकीच आवळायची. जास्त आवळली तर क्लिपची कडा उन्हाने मऊ झालेल्या नळीत रुतते आणि तिथून कातरली जाते. क्लिपऐवजी तार गुंडाळायची सवय सोडा. ती नळी कापते आणि हातही. दाबून बसणारे क्लिक कनेक्टर संधिवाताच्या बोटांना सोयीचे, पण त्यातला आपोआप पाणी थांबवणारा प्रकार टाकीच्या दाबावर धार निम्मी करतो. साधा प्रकार मागा. आतलं रबरी वायसर कोरडं पडून जोड घट्ट होतो, तेव्हा साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, रबर फुगतं.

पुढच्या तोंडाबद्दल. सतत दाबून धरायची बंदूक वयस्कर हातांसाठी चुकीची आहे. दोन-तीन मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. शिवाय कमी दाबावर तिचा फवारा धड पडतही नाही. त्यापेक्षा दोन-अडीच फूट दांड्याला मोठ्या भोकांची झारी असलेलं तोंड घ्या, मुठीजवळ अंगठ्याने सरकवायचा छोटा व्हॉल्व असलेलं. उभ्यानेच तुळशीच्या बुंध्याशी पाणी पडतं, वाकणं नाही, आणि पाय ओले होत नाहीत. प्लास्टिकचं घ्या, पितळी तोंड टिकतं पण मनगटावर भार येतो. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भोकांवर पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा झारीचं तोंड काढून अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून रात्रभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. भोकं सुईने कोरू नका. ती वाकडी होतात आणि धार भलतीकडे जाते.

वापरताना एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी दुपारी चांगलंच कढत होतं. दहा मीटर अर्धा इंची नळीत ते सव्वा लिटर असतं. झाडावर सोडण्याआधी पहिली दहा-बारा सेकंद बादलीत काढा, हात लावून बघा, मगच कुंडीकडे वळा. म्हाताऱ्या, पातळ कातडीच्या पायांवरही ते पडू देऊ नका.

काम झालं की नळ बंद, आणि नळाकडून तोंडाकडे जात नळी थोडी थोडी उचलत पाणी पुढे ढकलायचं. रिकामी केली की गुंडाळायच्या नळीचं वजन जवळजवळ निम्मं होतं. गुंडाळायची जागा छातीच्या उंचीवर, भिंतीत ठोकलेल्या दोन रुंद हुकांवर. खिळ्यावर टांगली तर तिथेच मुडपून चीर पडते. जमिनीवर ठेवायची चक्री घेऊ नका. नळी ओढली की ती आडवी होते आणि सरळ करायला पुन्हा वाकावं लागतं.

आणि ज्यांना आता दहा मीटरही ओढवत नाही, त्यांच्यासाठी नळीवर खर्चच करू नये. रावेर-यावलच्या केळीमुळे ठिबकचं सामान खानदेशात तालुक्याच्या गावीही सहज मिळतं. कुंड्यांच्या रांगेलगत १६ मिलिमीटरची लॅटरल (ठिबकची बारीक नळी), प्रत्येक कुंडीला एक ताशी ४ लिटरचा साधा ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी), सुरुवातीला छोटा जाळीचा फिल्टर आणि शेवटाला उघडता येणारी एंड कॅप (टोकाचं झाकण), एवढंच सामान. ४ लिटरचा आकडा १ बार दाबावरचा असतो. टाकीच्या ०.४ बारवर त्यातून ताशी अडीच लिटर येतं, म्हणजे तासभर चालवलं की कुंडीचं भागलं. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर चांगला म्हणून देईल. तो इतक्या कमी दाबावर नीट चालत नाही, साधाच मागा. पंधरा दिवसांतून एकदा एंड कॅप उघडून साचलेला गाळ वाहू द्या आणि फिल्टरची जाळी धुवा. हे काम मात्र आजोबांवर न सोडता घरातल्या कुणीतरी तरुणाने करावं, कारण कॅप जमिनीलगत असते.