ओटा फोडल्यानंतर वाढत गेलेले बिल

पाइप खरोखरच गंजलेले होते, आणि आमच्या फसवणुकीची सुरुवात त्या खऱ्या गोष्टीपासून झाली. कोथरूडमधील आमची इमारत जवळपास चाळीस वर्षांची आहे. कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीच्या आतून गेलेले लोखंडी जी. आय. पाइप, अशी त्या काळच्या स्वयंपाकघरांची जी रचना असे तीच आमच्याकडेही होती. आम्हाला करायचे होते ते मर्यादित होते. कडाप्पा काढून ग्रॅनाइट बसवायचा, ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स लावायच्या आणि ओट्याखाली व भिंतीवर कपाटे करून घ्यायची, एवढेच काम ठरले होते. परिचितांच्या घरी काम केलेल्या एका ठेकेदाराने त्याचे २,४०,००० रुपयांचे कोटेशन दिले, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि लगेच ओटा फोडायला माणसे पाठवली.

भिंत उघडताच पाइपांची अवस्था दिसली. हाताने दाबले तरी पापुद्रे सुटत होते. "काकू, ओटा तर फोडलाच आहे, आता पाइप तेवढे जुने ठेवता का?" असे त्याने माझ्या सासूबाईंना विचारले, आणि त्या प्रश्नाला नाही म्हणता येण्यासारखे काही नव्हते. सी.पी.व्ही.सी. म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप टाकण्याचे ३८,००० रुपये त्याने सांगितले, तेही काम निम्मे झाल्यावर. हा दर जास्त होता, हे आम्हाला दुसऱ्या प्लंबरकडून बऱ्याच उशिरा समजले. पण त्या वेळी गरज खरी होती आणि ती दाखवून देणारा माणूस प्रामाणिक वाटणे स्वाभाविक होते. पाइपांबद्दल त्याचे म्हणणे खरे निघाल्यामुळे पुढच्या प्रत्येक म्हणण्याला आपोआप वजन आले.

त्यानंतर मोरीखाली ओल असल्याचे सांगून वॉटरप्रूफिंगचे ४५,००० लावले गेले. मोरी फोडल्यावर जुन्या फरशीशी जुळणारी फरशी बाजारात मिळणार नाही, म्हणून संपूर्ण स्वयंपाकघराची फरशी बदलण्याचे ६२,००० झाले. ओव्हन आणि इंडक्शनसाठी नव्या वायरिंगचे २७,००० आणि साध्या प्लायऐवजी मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लाय, वापरण्याचे ३५,००० त्यात मिळाले. अशा रीतीने २,४०,००० चे काम ४,४७,००० वर गेले.

या वाढीमागची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक नवे काम काढले गेले ते आधीचे काम अर्धवट उघडे असताना. ओटा नाही, सिंक नाही, नळाला तात्पुरती बूच मारलेली, गॅसची शेगडी गॅलरीत नेलेली, आणि घरात पथ्याचे जेवण लागणारी वृद्ध व्यक्ती, अशा स्थितीत कोणते कुटुंब दुसरा ठेकेदार शोधत बसेल? शिवाय दुसऱ्याचे अर्धे काम हाती घ्यायला चांगला ठेकेदार सहसा तयार होत नाही. आम्ही दराबद्दल घासाघीस केली की दुसऱ्या दिवशी माणसे येत नसत; फोन केला तर मिस्त्री गावी गेल्याचे उत्तर मिळे. होकार दिला की त्याच संध्याकाळी मिस्त्री गावाहून परत येई. वाढीव कामांची बोलणी तो नेहमी तोंडी करायचा, लेखी काहीही द्यायचा नाही. माझे पती मात्र प्रत्येक बोलण्यानंतर ठरलेला मजकूर आणि रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिले आणि तो त्यावर केवळ अंगठ्याचे चिन्ह पाठवत राहिला. पुढे वकिलांना सर्वांत उपयोगी वाटला तो हाच संदेशांचा क्रम.

शेवटचे बिल हाती आल्यावर आम्ही मोजमापे तपासायला बसलो. कपाटांचा दर चौरस फुटाला १,६५० रुपये होता. आमचा ओटा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा आहे. एक भिंत ९ फुटांची, दुसरी ७ फुटांची, आणि ओट्याची खोली २ फूट. ठेकेदाराने ९ आणि ७ मिळवून १६ फूट लांबी धरली, तिला अडीच फूट उंचीने गुणले आणि ४० चौरस फूट लावले. परंतु कोपऱ्यातला २ फुटांचा तुकडा यात दोनदा मोजला जातो. कोपऱ्यातल्या बंद खणालाही लाकूड लागते, त्यामुळे तो एकदा धरणे योग्यच आहे. तसे केले तर लांबी १४ फूट आणि क्षेत्रफळ ३५ चौरस फूट होते. वरच्या १ फूट खोलीच्या कपाटांतही तोच प्रकार होता आणि तिथे २ चौरस फूट जास्त लागले होते. एकूण ७ चौरस फूट, म्हणजे ११,५५० रुपये, केवळ कोपऱ्यापोटी. ग्रॅनाइटच्या मापातही कोपऱ्याचे ४ चौरस फूट दोनदा आले होते. हे दाखवल्यावर "सगळीकडे असेच मोजतात" एवढेच उत्तर मिळाले.

याहून गंभीर बाब पावसाळ्यात उघड झाली. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला आणि दाराची बिजागरी स्क्रूसह बाहेर आली. आमच्याच गल्लीतल्या एका जुन्या सुतारांना बोलावले. त्यांनी स्क्रूच्या भोकात बोट फिरवून भुसा बाहेर काढला आणि हा लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड असल्याचे सांगितले. मरीन प्लायसाठी भारतीय मानक आय. एस. ७१० आहे, त्यानुसार प्लायच्या थरांचा जोड ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. त्याचे थर सुटत नाहीत, मग भुसा होण्याचा प्रश्नच नाही. काम सुरू असताना आम्हाला आय.एस.आय.चा शिक्का असलेला बोर्ड दाखवला गेला होता, तो खरा होता. तसे मोजके बोर्ड दरवाजांना वापरले होते, कारण दार उघडले की कड दिसते. आतले खोके मात्र पार्टिकल बोर्डचे करून सर्व बाजूंनी लॅमिनेट आणि कडेला पट्टी लावली होती, म्हणजे आत काय आहे ते दिसण्याची सोयच ठेवली नव्हती.

बिलात मरीन प्लायचे १४ बोर्ड होते. आमच्या सोसायटीच्या फाटकावर आत येणाऱ्या मालाची नोंद ठेवली जाते, याचा इथे अनपेक्षित फायदा झाला. वहीत प्लायचे ५ नग आणि त्यानंतर वेगळ्या दिवशी नुसते 'बोर्ड' अशी नोंद सापडली. सचिवांनी त्या पानांची सही-शिक्क्यासह प्रत दिली. प्लायच्या शिक्क्याबाबत इतके सांगते की आय.एस.आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सी.एम./एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. पण एका बोर्डाचा शिक्का खरा असणे म्हणजे सगळे बोर्ड तसेच असणे नव्हे. खोकी भिंतीला लावण्यापूर्वी, लॅमिनेट चढण्याआधी, प्रत्येक कापलेल्या फळीची कड पाहिली तरच काही कळते. ट्रॉल्यांच्या बाबतीत त्याने लोहचुंबक लावून दाखवला होता आणि तो चिकटत नाही म्हणजे ३०४ या चांगल्या दर्जाचे स्टील, असे सांगितले होते. स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. आमच्या ट्रॉल्यांवर आता डाग पडू लागले आहेत.

वॉटरप्रूफिंगबद्दल तर संतापच येतो. कोटिंगच्या दोन हातांमध्ये वाळण्यास वेळ द्यावा लागतो आणि नंतर पाणी साठवून किमान एक दिवस खालच्या छताकडे लक्ष ठेवावे लागते. आमच्याकडे सकाळी राखाडी रंगाचे काहीतरी फासले गेले आणि दुपारी त्यावर फरशी बसली. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला आता ओल आली आहे, आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी आमच्याकडे आली आहे. वायरिंग तपासणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ओव्हनचा पॉइंट दिव्यांच्या जुन्या वायरलाच जोडल्याचे दाखवले, तेव्हा तो आम्ही त्याच दिवशी बंद केला.

अखेरच्या हप्त्याच्या वेळी ठेकेदाराने ४,४७,००० वर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ८०,४६० रुपये, मागितले. कोटेशनमध्ये कराचा उल्लेख नव्हता. बिलावरचा क्रमांक २७ या महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होणारा, पंधरा अक्षरांचा, दिसायला अगदी व्यवस्थित होता. जी.एस.टी.च्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय सर्वांसाठी खुली आहे. तिथे तो टाकल्यावर नोंदणी रद्द झाल्याचे दिसले. नोंदणी रद्द झालेल्या व्यक्तीला ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही. ती रक्कम आम्ही दिली नाही. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

पोलीस चौकीत ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी सुरुवातीपासूनच्या हेतूचा पुरावा लागतो, आणि अर्धे काम खरे केलेले असले की तो दाखवणे अवघड जाते, असे वकिलांचेही मत पडले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा मार्ग अधिक सरळ निघाला. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. आम्ही ती केली, पण ठेकेदाराने प्रतिसाद दिला नाही. वकिलांच्या नोटिशीनंतर त्याने मोजमापातील फरक परत करण्याची तयारी दाखवली, प्लायबद्दल मात्र तो बोलायला तयार नाही.

तक्रार सध्या आयोगासमोर आहे. मालातील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग त्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून सिंकखालचे फुगलेले कपाट आम्ही अद्याप काढलेले नाही. अशा प्रसंगात असलेल्या कुणीही खराब झालेला भाग घाईने बदलून टाकू नये. बदलावाच लागला तर साक्षीदारांसमोर छायाचित्रे घेऊन काढलेल्या फळ्या तारखेसह बांधून ठेवाव्यात. आमच्या सुतारांनी सुटलेल्या बिजागरीजवळची एक फळी तशीच कापून दिली आहे आणि ती वकिलांकडे जमा आहे.