सिंधुदुर्ग की विजयदुर्ग: हाताशी एकच दिवस असेल तर

मालवणचा सिंधुदुर्ग आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले एकाच जिल्ह्यात आहेत आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये दोघांचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण अशा धावपळीत विजयदुर्गाच्या वाट्याला हमखास कमी वेळ येतो आणि खरे तर अधिक वेळ त्यालाच लागतो.

पहिला फरक पोहोचण्याचा आहे. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर असल्याने मालवणच्या धक्क्यावरून होडीनेच जावे लागते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते आणि एरवीही समुद्र खवळलेला असेल तर बेत बदलावा लागतो. होडीत चढता-उतरताना आधार लागणारी वयस्कर माणसे बरोबर असतील, तर हा विचार आधी करावा. विजयदुर्गाच्या दारापर्यंत मात्र रस्ता जातो, त्यामुळे तेथे भरती-ओहोटी किंवा होडीची वेळ आड येत नाही. रेल्वेने येणाऱ्यांना मालवणसाठी कुडाळ, तर विजयदुर्गासाठी राजापूर रोड किंवा कणकवली ही स्थानके सोयीची आहेत.

सिंधुदुर्गाचे मोल त्याच्या उभारणीत आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी केली. बेटाच्या कडेकडेने नागमोडी वळणे घेत जाणाऱ्या तटबंदीतला मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत नजरेस पडत नाही. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे म्हणून जपलेले ठसे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी येथे पाहायला मिळतात. अडचण वेळेची आहे: होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात आणि तेवढ्यात मंदिर, विहिरी व तटाचा थोडा भाग एवढेच नीट पाहून होते. तटावरून सावकाश फिरायचे असेल, तर परतीच्या होडीविषयी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

विजयदुर्ग घाईने पाहिला तर पडक्या वास्तूंचा विस्तीर्ण समूह एवढाच वाटतो. थांबून पाहिला तर संरक्षणाची रचना उलगडत जाते. याचा पहिला किल्ला शिलाहार राजघराण्याच्या काळातला मानला जातो. तीन बाजूंना पाणी, जमिनीच्या बाजूस पूर्वी खंदक, आणि एकामागे एक अशा तटबंदीच्या तीन ओळी. बाहेरचा तट ओलांडून आत शिरलेला शत्रू दोन भिंतींमधल्या अरुंद जागेत वरून होणाऱ्या माऱ्यात सापडावा, हा हेतू तेथे उभे राहिल्यावर आपोआप ध्यानात येतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते; १७२० मध्ये इंग्रजांचा आणि १७२४ मध्ये डचांचा हल्ला येथे परतवला गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी किल्ला घेतला आणि बंदरातले आरमार जळून गेले. त्या एका दिवसाने मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याची जी हानी झाली, तिची जाणीव ठेवून खाडीकडच्या बुरुजावर थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

किनाऱ्यावरच्या विसाव्यात मालवण निःसंशय सरस आहे. खडकाळ किनाऱ्यावरची रॉक गार्डन ही बाग सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे आणि मुलांना तेथे बागडायला जागा मिळते. फक्त लाटांनी ओल्या झालेल्या खडकांवर त्यांना सोडू नये. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जेथे झाली असे मानतात तो मोरयाचा धोंडाही मालवणच्याच किनाऱ्यावर आहे आणि तो बहुतेकांकडून राहून जातो. विजयदुर्गाला अशी आखीव बाग नाही. धक्का, खाडी आणि शांत गाव एवढाच परिसर आहे. तेथून जवळच असलेल्या गिर्ये येथील रामेश्वर मंदिरापर्यंत मात्र जरूर जावे.

लहान मुले किंवा मोठा परिवार असेल आणि समुद्र शांत असेल, तर मालवण निवडावे: सकाळी लवकर किल्ला, संध्याकाळी बाग. इतिहासाची खरी ओढ असेल, होडीचा प्रवास नको असेल किंवा पावसाळ्यात येणे होणार असेल, तर विजयदुर्गाला जावे आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर पकड धरणारी पादत्राणे घालावीत.