क्रुशल बीएक्स५००: जुन्या पीसीला नवा वेग

विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा. काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नाही, फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. अशा मशीनला बीएक्स५०० हा स्वस्त आणि खरा उपाय. २.५ इंची, ७ मिमी जाडीची ही सॅटा एसएसडी (सॅटा जोडणीची, फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये थेट बसते. डेस्कटॉपला सॅटा केबल वेगळी घ्यावी लागते.

कंपनी वाचनाचा वेग ५४० एमबी प्रतिसेकंद सांगते. जुन्या, हळू सॅटा-२ पोर्टवर त्याच्या जेमतेम निम्मा मिळतो, तरी फरक जाणवतोच, कारण खरा फायदा बारीक बारीक फाइली चटकन सापडण्यात आहे.

क्लोनिंगसाठी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेण्यासाठी, यूएसबी-सॅटा केबल लागते. आधी बॅकअप घ्याच. जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर क्लोन मध्येच अडकतो. तिथे विंडोज नव्यानेच टाकावी. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठी एएचसीआय हा नवा मोड हवा, पण चालू विंडोजवर आयडीई या जुन्या मोडवरून थेट बदललात तर निळा स्क्रीन येऊ शकतो. एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे सलग लावणे) नको, ट्रिम (पुसलेल्या डेटाची जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू असू द्या.

मोठी उणीव: डीरॅम कॅश (एसएसडीची स्वतःची वेगळी, वेगवान मेमरी) नाही. शिवाय मोठ्या व्हिडिओ फाइली सलग कॉपी करताना वेग धाडकन पडतो. ४८० जीबीच्या डिस्कची १२० टीबीडब्ल्यू (एकूण १२० टेराबाइट डेटा लिहिण्याची मर्यादा) आणि ३ वर्षांची वॉरंटी घरगुती वापराला पुरे. रॅम ४ जीबीच असेल, तर आणखी ४ जीबी टाकाच.